मे महिन्यात अडलेली टाकी: माणगाव खोऱ्यातल्या जांभूळ वाइनचं एक प्रकरण

मे महिन्याचा तिसरा आठवडा. दुपारपासून वळवाने कुडाळ झोडपून काढलं होतं आणि आमच्याकडेही मेणबत्तीच लावलेली होती. साडेसातला फोन वाजला. "ताई, टाकी तापली हा. पाच वाजल्यापासून लाइट नाय. तुमी येवा." आवाज थोरल्या भावाचा होता. हे घर माझ्या सहा-सात वर्षांच्या ओळखीचं, पण या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तापमान किती, असं विचारलं तर पलीकडे कुजबुज झाली, मग धाकट्याने फोन घेतला. "चौतीस. दुपारी अठ्ठावीस होतं."

फळप्रक्रिया हा माझा विषय. आधी शिकवत होते, आता सिंधुदुर्गातल्या छोट्या प्रक्रिया उद्योगांबरोबर काम करते. आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंब्याचा पल्प, काजूबोंडाचं सरबत अशी बहुतेक कामं. वाइन करणारं माझ्याकडे हे एकच घर. जे घडलं ते लिहायला घरच्यांनी आनंदाने होकार दिला, कारण आणखी चार जण याच वाटेने निघाले आहेत आणि त्यांच्या टाक्या तरी वाचाव्यात असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं. नाव-गाव देत नाही. माणगाव खोरं एवढं सांगितलं तरी पुरे.

खोरं आणि घर

माणगाव खोरं कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. वर मनोहर-मनसंतोषगड, खाली निर्मला नदी. पावसाळ्यात आंबेरीचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावांची वाट बंद, हे इथल्या माणसांना पाठ आहे. समुद्र फार लांब नाही, पण हवा वेगळी. जानेवारीत वेंगुर्ल्याला रात्री चादर पुरते, इथे गोधडी लागते. अंधार पडला की डोंगरावरची थंड हवा उताराने खाली येते आणि पहाटे नदीवर धुकं बसतं. या थंडीला पुढे किती महत्त्व येणार होतं, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

घरात आई, दोन भाऊ आणि थोरल्याची बायको. थोरला बागायतदार: काजू, थोडा आंबा, बांधाबांधाने जांभळी. वहिनी हिशेब बघते, आणि तिची वही हा या प्रकरणातला सर्वांत विश्वासाचा कागद आहे. धाकटा कृषी पदविका करून नाशिकला गेला आणि दिंडोरीच्या बाजूला एका वाइनरीत सहा वर्षं तळघरात राबला. टाक्या धुण्यापासून सुरुवात केली, शेवटी आंबवणीच्या पाळ्या स्वतः सांभाळायचा. परत आला तो शिराझ द्राक्षाच्या दोनशे कलमांसह. डोंगराच्या कुशीतलं खोरं, घरची बाग, घरची लाल वाइन. असं स्वप्न बघणाऱ्याला मी कधीच नाउमेद करत नाही, पण त्या दिवशी ती कलमं बघून माझ्या पोटात कालवलं होतं.

द्राक्षाची दोन वर्षं

नाशिकचं द्राक्ष का जमतं ते आधी नीट सांगायला हवं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड्या बाराची छाटणी (फळासाठी), आणि वाइनचा माल जानेवारी ते मार्चदरम्यान उतरतो. म्हणजे घड भरतात आणि पिकतात ते कोरड्या हवेत: दिवसा ऊन, रात्री चांगलीच थंडी. रात्र थंड असली की फळातलं आम्ल टिकतं आणि सालीत रंग धरतो. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो, गरातून नाही. जगात जिथे जिथे डोंगरखोऱ्यांत नावाजलेली लाल वाइन होते तिथे उतार, निचरा आणि थंड रात्र ही त्रयी बहुधा असते. युरोपात पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं, म्हणजे हवा गार होत जाताना. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले, ते पीक आणि हवा जिथे आधीच जुळलेली होती तिथे.

आमच्या खोऱ्यात उतार होता, निचराही बरा होता. नोव्हेंबरात लावलेली कलमं मेपर्यंत मांडवाला लागली. मग पाऊस आला. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाटाच्या तोंडाशी त्याहून जास्त. जूनच्या अखेरीला पानांवर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी, म्हणजे केवडा हा रोग. फवारणी केली की तासाभरात धुऊन जायची. ऑगस्टमध्ये करपा. गणपतीपर्यंत वेलींवर पान राहिलं नाही आणि छाटणीला लागणारी पक्व काडीच तयार झाली नाही. दुसऱ्या वर्षी त्याने प्लॅस्टिकचं आच्छादन घातलं, ते जुलैच्या वाऱ्याने फाडलं. दोनशेपैकी विहिरीकडच्या अकरा वेली जगल्या. खर्चाचा आकडा वहिनीने मला वहीत दाखवला होता. तो इथे देत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात आईने पाटी भरून जांभळं समोर ठेवली आणि म्हणाली, "ह्या तांबडा नाय काय?"

जांभूळ

कुडाळ-सावंतवाडी भागातल्या जांभळाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. करंड्या गोव्याला जातात, मुंबईला जातात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' हा मोठ्या फळाचा वाण दिला, त्याची कलमं या घराने दहा वर्षांपूर्वी लावली होती. शिवाय बांधावरच्या जुन्या जांभळी. अडचण एकच: तोडलेलं जांभूळ दोन दिवसांत विरघळायला लागतं. जांभळीचं लाकूड ठिसूळ, फांदी दगा देते, त्यामुळे चढणारा गडी मिळणं दर वर्षी कठीण. हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि त्यातही खरा भर पंधरा-वीस दिवसांचा. एका पावसाने फळ फुटतं. त्या दिवसांत बाजारभाव असा कोसळतो की वाहतूकही सुटत नाही. वाइनचा विचार आला तो या वाया जाणाऱ्या मालातून.

घरी पाच लिटर करून बघू म्हणणाऱ्यांना इथेच सांगते: परवान्याशिवाय वाइन आंबवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती जांभळाची असो की द्राक्षाची. या घराने राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना काढला, अन्नसुरक्षेचा काढला, त्यात दोन वर्षं गेली. गोठ्याच्या जागी जांभ्या दगडाची इमारत उभी राहिली. एक-एक हजार लिटरच्या दोन स्टीलच्या टाक्या आल्या, भोवती पाणी फिरवायचं जॅकेट, बाहेर ते पाणी गार करणारा चिलर. पहिल्या वर्षी थोडीच केली, सहाशे लिटर. ती चांगली झाली. गडद जांभळी, जिभेला धरणारी, शेवटी जांभळाचा तो ओळखीचा तुरटपणा. मला ती मनापासून आवडली. पण त्या वर्षी वळीव उशिरा आला होता आणि लाइट गेली नव्हती. ते यश नशिबाचं होतं हे आम्ही ओळखायला हवं होतं. आम्ही ते आमच्या कौशल्याचं धरलं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. जांभळाच्या रसात साखर कमी, या घरच्या फळात १२-१३ ब्रिक्स (शंभर ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर). म्हणून साखर घालून २२ वर न्यायची, म्हणजे सगळी साखर उतरली तर बाराएक टक्के अल्कोहोल मिळतं. बी फुटता कामा नये, नाहीतर कडवटपणा उतरतो. पल्परला, म्हणजे गर काढायच्या यंत्राला, ब्रश लावावे लागतात. आणि जांभळाचा सामू (पीएच; तो जितका वर तितकी आम्लता कमी) द्राक्षापेक्षा वर असतो. टाकी अडली त्या वर्षी तो ३.९ होता. हा आकडा लक्षात ठेवा. सामू वर असला की जिवाणू रोखायला घालतात ते मेटाबायसल्फाइट फारच कमी काम करतं. मी टार्टरिक आम्ल घालून सामू ३.५ वर आणायला सांगितलं होतं. थोरल्याचं म्हणणं, बाहेरचं आम्ल कशाला, घरचं कोकम आहे की. वीस लिटरवर करून बघितलं. आंबटपणा छान आला, पण मागाहून जिभेवर आगळ राहायचं. मग 'पुढच्या वेळी बघू' म्हणून तसंच राहिलं. माझीही चूक आहे. मी आग्रह धरायला हवा होता.

ती रात्र

आंबवणीचा तिसरा दिवस होता. टाकीत नऊशे लिटर. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता सुटते. टाकीतून ती बाहेर पडलीच नाही तर एका ब्रिक्समागे साधारण सव्वा अंश तापमान चढतं, म्हणजे २२ ब्रिक्समागे २७-२८ अंश. सुरुवातच २८ ला झाली असेल तर हिशेब कुठे जातो बघा. पस्तिशीच्या पुढे यीस्ट दमतं, चाळिशीकडे जाता जाता मरतं. नाशिकला फेब्रुवारीत रात्री दार उघडं ठेवलं तरी टाकी उतरते. आमच्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही बाहेरची हवा २७ अंश आणि घामाने चिकट.

मी पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. वाटेत दोन ठिकाणी झाड आडवं. जनरेटर होता, पण तो पंप आणि दिवे ओढणारा. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना लागणारा करंट त्याला झेपत नव्हता, दोनदा प्रयत्न करून बंद पडला होता. घेताना कोणी हे तपासलंच नव्हतं. टाकीवर वाकले तर गरम वाफाऱ्यासारखा वास. रसावर तरंगणाऱ्या सालींच्या थरात, म्हणजे टोपीत, थर्मामीटर ३७ दाखवत होता, खाली रसात ३५.

बर्फाची कल्पना थोरल्याची. वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासळीच्या बर्फाचा कारखाना चालू होता. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे आणखी पंधरवड्याने हा बर्फही मिळाला नसता. रात्री अकराला टेम्पो निघाला, दोनला लाद्या घेऊन आला, भुशात गुंडाळलेल्या. बर्फ थेट टाकीत घालता येत नाही: पाणी वाढतं, आणि मासळीच्या बर्फाचं पाणी वाइनमध्ये नकोच. दुधाचे स्टीलचे कॅन घासून, गरम पाण्याने धुऊन, त्यांत फोडलेला बर्फ भरून, झाकण घट्ट लावून ते दोरीने टाकीत सोडले. एक वर काढायचा, दुसरा सोडायचा. चौघं जण पहाटेपर्यंत हेच. आई दाराशी बसून फोडलेल्या बर्फातला भुसा निवडत होती. हात लाल झाले तरी उठली नाही.

पहाटे टाकी ३३ वर आली. पण बुडबुडे थांबले होते.

थोरल्याने रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला: १२. म्हणजे साखर अजून निम्मीसुद्धा उतरली नाही, असं त्याला वाटलं आणि तो तिथेच पायरीवर बसला. हा गैरसमज नेहमीचा. हे उपकरण प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगतं, आणि अल्कोहोलही प्रकाश वळवतं. आंबवण सुरू झाल्यावर त्याचा आकडा खऱ्यापेक्षा जास्तच येतो. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर तरंगवला तर ६ आला. परिस्थिती वाईट होती, पण त्याला वाटली तेवढी नाही. अल्कोहोल साडेआठ-नऊ टक्के तयार झालेलं, साखर लिटरमागे साठ ग्रॅमच्या आसपास शिल्लक, आणि यीस्ट मेलेलं किंवा मरणाच्या दारात.

याला अडलेली आंबवण म्हणतात. नुसतं नवं यीस्ट ओतून ती उठत नाही, कारण ताज्या यीस्टला एकदम नऊ टक्के अल्कोहोलात टाकणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला भरतीत ढकलणं. वेगळ्या भांड्यात यीस्ट जागं करायचं, त्यात अडलेला रस थोडा थोडा वाढवत न्यायचा, ते सवयीचं झालं की मग टाकीत. या कामाला दोन दिवस लागतात. लाइट यायलाही एकूण एकतीस तास लागले.

त्या दोन दिवसांत जे सुटलं ते मला आजही टोचतं. सगळे हात बर्फाकडे आणि यीस्टकडे होते. दिवसातून तीनदा टोपी रसात दाबायची असते, ती पहिल्या रात्री एकदाही दाबली गेली नाही, दुसऱ्या दिवशी फक्त एकदा. आंबवण जोरात असते तेव्हा वर कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण असतं. ती थांबली की ते पांघरूण जातं आणि कोमट, ओल्या, हवेला उघड्या साली उरतात. सामू ३.९. चिलटं आलेलीच होती. वाइनचा सिरका करणाऱ्या असेटिक जिवाणूंना यापेक्षा चांगलं घर कोण देणार!

ओतायची की मिसळायची

आंबवण पुन्हा सुरू झाली. आठव्या दिवशी साखर जवळजवळ उतरली आणि घरात हायसं वाटलं. दहाव्या दिवशी मी पेला नाकाशी नेला आणि मला नखांच्या पॉलिशचा वास आला, त्याच्या मागे सिरक्याचा. मी काही बोलले नाही, पेला धाकट्याकडे दिला. त्याने वास घेतला, डोळे मिटले, आणि पेला खाली ठेवला. प्रयोगशाळेतून बाष्पशील आम्ल, म्हणजे मुख्यतः सिरक्यातलं आम्ल, लिटरमागे १.६ ग्रॅम आलं. एक ग्रॅमच्या पुढे गेलं की सरावाच्या नाकाला शंका उरत नाही.

दुसऱ्या टाकीत आधीच्या तोडणीची सहाशे लिटर वाइन होती, स्वच्छ. थोरल्याने विचारलं, आणि तो प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता: "दोनय एकत्र केली तर? सगळी वतून टाकूची?" हिशेबाने बघितलं तर १.६ आणि ०.४ यांची मिसळ एकाच्या वरच जाते. पण समजा थोडी-थोडीच मिसळली, शंभर लिटर सहाशेत, तर आकडा ०.६ च्या आसपास राहतो आणि पिणाऱ्याला कदाचित कळणारही नाही. मोठ्या धंद्यात असं मिसळणं अगदी अनोळखी नाही, हे मी त्याला खरं तेच सांगितलं. पण तिथे आधी निर्जंतुक गाळणी असते, सल्फाइट काम करेल असा सामू असतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मिसळलेल्या शंभर लिटरबरोबर जिवाणूही गेले असते, आणि सहाशे लिटर बाटलीत बसल्या बसल्या आंबट होत गेली असती, तारकर्लीच्या कुठल्यातरी पर्यटकाच्या टेबलावर.

धाकटा म्हणाला, "दादा, त्या टाकीक हात लावूचो नाय." थोरला म्हणाला, पैसे कोणाचे गेले ते बघ. वहिनी वही मिटून बसली. दोघं भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग आईने, पाठ फिरवून चुलीकडे जाता जाता, एवढंच म्हटलं: "एक कुसको आंबो सगळी अढी कुसवता."

नऊशे लिटर नष्ट केली. खात्याला कळवून, रीतसर नोंद करून. सिरका करून विकता आला असता का, हे मला नंतर अनेकांनी विचारलं. जांभळाच्या सिरक्याला मागणी आहे हे खरं, पण नियमाप्रमाणे सिरक्याची ताकद यायला त्या वाइनला आणखी बरेच महिने जिवाणूंच्या स्वाधीन करावं लागलं असतं, त्याच इमारतीत, चांगल्या टाकीच्या शेजारी. वाइन आणि सिरका एका छपराखाली नांदत नाहीत. वेगळी जागा नव्हती, म्हणून सिरका केला नाही.

जानेवारी

पुढचे दोन महिने घरात वाइनचा विषय निघाला नाही. जुलैत मी गेले तेव्हा आई कोकमाच्या साली उन्हाअभावी चुलीवरच्या माचावर वाळवत होती. कोकम आणि जांभूळ एकाच वेळी येतात, आणि कोकणातली प्रत्येक बाई ते वीस दिवस पावसाशी शर्यत लावते. आमसूल आम्ही शतकानुशतकं करतो. जे फळ मेमध्ये येतं ते वाळवायचं, मिठात घालायचं, आणि वर्षभर आपल्या सोयीने वापरायचं. फळाचा हंगाम आणि वापराचा हंगाम आमच्या बायकांनी केव्हाच वेगळे केलेत. मग आंबवण मेमध्येच कशाला?

हे मी बोलून दाखवलं आणि धाकटा ताडकन उठला. नाशिकची वाइन जानेवारी-फेब्रुवारीत आंबते कारण तिथलं फळ तेव्हा येतं. आमचं फळ तेव्हा येत नाही, पण आमची थंडी तेव्हाच येते. या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दगडी खोलीत तापमान १७-१८ असतं, ते त्यानेच मोजून ठेवलं होतं, द्राक्षाच्या वेडात. थंडी फळाकडे आणता येत नव्हती. फळ थंडीपर्यंत पोचवता येत होतं.

म्हणजे मेमध्ये फक्त गर काढायचा, बी वेगळी करायची, फूडग्रेड पिशव्यांत भरून उणे १८ ला गोठवायचा, आणि डिसेंबरच्या शेवटी टाकीत आणायचा. गोठवण्याचा एक फायदाही असतो: पेशींतलं पाणी गोठून पेशी फुटतात, वितळल्यावर सालीतला रंग आणि रस जास्त सुटतो. एक सावधगिरीही लागते. गोठवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत, झोपतात. म्हणून वितळवायचं ते झटपट, झाकून, आणि सामू आधी ३.५ वर आणून.

शीतगृह कुठलं, यावर पुष्कळ डोकं लावलं. मासळीची शीतगृहं जून-जुलैत बंदीच्या काळात रिकामी असतात आणि स्वस्त पडतात. पण आम्हाला जागा जानेवारीपर्यंत हवी, आणि ऑगस्टनंतर ती भरून जातात. शिवाय वास, पिशवी कितीही घट्ट असली तरी मी ती जोखीम घेतली नसती. शेवटी आंब्याचा पल्प करणाऱ्या एका कारखान्याच्या गोठवण खोलीत कोपरा भाड्याने मिळाला. तिथे स्वतःचा मोठा जनरेटर आहे. म्हणजे मेमधल्या वादळाची काळजी आता त्या जनरेटरवर. भाडं धरून लिटरमागे खर्च वाढला, तो वहिनीने मांडला आणि त्याच्या शेजारी नष्ट केलेल्या नऊशे लिटरचा आकडा लिहिला. थोरल्याने दोन्ही वाचले आणि सही केली.

पहिली गोठवलेली खेप सातशे लिटरची होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केली. टाकी एकदाही २६ च्या वर गेली नाही. चिलर क्वचितच लावावा लागला. रात्री नुसती खिडकी उघडी ठेवायची. आंबवण मेमध्ये पाच-सहा दिवसांत धापा टाकत संपायची, ती इथे अकरा दिवस शांतपणे चालली. टोपी दाबायचं काम थोरल्याने स्वतःकडे घेतलं, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून, आणि प्रत्येक वेळी भिंतीवरच्या पाटीवर खडूने रेघ. त्या तेहतीस रेघा अजून पुसलेल्या नाहीत. बाष्पशील आम्ल ०.३५ आलं.

वाइन कशी आहे? रंग मेच्या वाइनपेक्षा खोल. वास मऊ, पिकलेल्या जांभळाचा, आणि मागे थोडा मिरीसारखा. तुरटपणा अजून कोवळा आहे, निवळायला वर्षभर द्यायला हवं असं माझं मत. धाकट्याला ती दिवाळीला विकायची आहे. यावर आमचं भांडण चालू आहे. आणखी एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करणार नाही: बाटलीवर मधुमेहाचं नाव काढायचं नाही. जांभळाची बी औषधात वापरतात म्हणून जांभळाची दारू औषध होत नाही, आणि साखरेच्या आजाराच्या माणसाने ती त्या भरवशावर प्यावी हे मला सहन होणार नाही. गिऱ्हाईक विचारतं, विक्रेता हो म्हणतो. लेबलावर ते येणार नाही असं थोरल्याने मला शब्द दिला आहे.

यंदा बहर चांगला आहे. कारखान्याच्या खोलीत दोन टनांची जागा बोलून ठेवली आहे, पण पाऊस लवकर आला तर तोडायला माणसं मिळतील का, याची खात्री कोणालाच नाही. धाकटा फांद्यांखाली बांधायची जाळी आणायला सावंतवाडीला गेला आहे. विहिरीकडच्या अकरा वेली अजून आहेत. तो त्या काढत नाही, आणि आम्हीही त्याला काढ म्हणत नाही.